पाडव्याचा आठवडा: कुरडया, कुंड्या आणि घरातली माणसं

पाडव्याच्या ताटात नवी कुरडई हवी असेल, तर गहू आठ दिवस आधी भिजवावे लागतात. एवढं एक गणित पक्कं केलं की त्या आठवड्यातली बाकीची कामं आपापल्या जागी बसतात, हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. फाल्गुन संपत आलेला असतो, मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात, हिवाळी भाज्यांनी माना टाकलेल्या असतात, मोगऱ्याला कळ्या धरलेल्या असतात आणि आमच्या साताऱ्यातसुद्धा अकरानंतर गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही. सगळं एकदमच अंगावर येतं. म्हणून मी कामांची यादी करत बसत नाही, पाडव्यापासून उलटं मोजत येते.

२०२६ साली पाडवा गुरुवारी, १९ मार्चला. गुरुवारी कुरडई तळायची तर तिला आधी तीन कडक उन्हं मिळायला हवीत. म्हणजे रविवारी पहाटे चीक, म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाचं पांढरं सत्त्व, शिजायला हवा. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी गहू वाटून व्हायला हवेत, आणि त्याआधी ते तीन दिवस पाण्यात हवेत. म्हणून बुधवारी, ११ तारखेला रात्री, गहू भिजत घालायचे. श्रीखंडाचं गणितही असंच. चक्का बुधवारी सकाळी टांगायचा तर दूध मंगळवारी रात्री विरजायचं. तृतीया शनिवारी, २१ तारखेला, त्या दिवशी चैत्रगौर बसते, म्हणजे डाळ शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी भिजायला हवी. बागेची कामं या सगळ्याच्या फटींत बसवायची. एक नियम मात्र मोडायचा नाही: गच्चीवर वाळवण असताना माती उकरायची नाही. वाऱ्याची एक झुळूक आली तरी बारीक माती कुरडयांवर बसते आणि ती तळल्यावर दाताखाली कचकचते.

गहू: बुधवार रात्र ते शनिवार संध्याकाळ

पहिल्यांदा करणाऱ्याने १ किलोच गहू घ्यावेत. आमच्याकडे लोकवन वापरतो. निवडण्याचं काम सासूबाईंचं. त्यांचे गुडघे दुखतात, गच्चीचा जिना त्यांना झेपत नाही, पण सूप मांडीवर घेऊन गॅलरीत बसल्या की खडा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. गहू तीन पाण्यांनी धुवून मोठ्या पातेल्यात घाला आणि वर चार बोटं पाणी राहील एवढं भरा. गहू फुगतात, म्हणून पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं नको.

पाणी रोज बदलायचं. थंडीत एकदा बदलून चालतं, पण मार्चच्या उकाड्यात मी सकाळ-संध्याकाळ बदलते. दुसऱ्या दिवशी आंबूस वास यायला लागतो, पाण्यावर बारीक बुडबुडे दिसतात. नव्या माणसाला वाटतं गहू नासले. लग्न होऊन आले त्या वर्षी मीही पातेलं उचलून ओतायला निघाले होते. सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, “अगं, वासाला घाबरू नकोस, बुळबुळीला घाबर.” त्यांचं म्हणणं शब्दशः पाळावं. दाणा आंबूस वासाचा पण स्वच्छ लागत असेल तर ठीक. तो बोटाला तारेसारखा चिकटायला लागला तर पाणी बदलायला उशीर झालेला असतो. दुसऱ्या वर्षी मी एका लग्नाला गेले आणि शुक्रवारचं पाणी तसंच राहिलं. त्या कुरडया तांबूस झाल्या आणि तळताना घरभर कुबट वास सुटला. सगळ्या गाईला घालाव्या लागल्या.

गव्हाचं हे काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. पहिल्या दिवसाचं तसंच झाडांना चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या आंबलेल्या पाण्यात तिप्पट साधं पाणी मिसळायचं आणि कढीपत्ता, जास्वंद, लिंबू अशा मोठ्या, जुन्या झाडांच्या मुळाशी घालायचं. कोवळ्या रोपांना देऊ नये.

शनिवारी संध्याकाळी एक दाणा चिमटीत धरून दाबा. टरफल बाजूला होऊन आतून दुधासारखा पांढरा थेंब टचकन बाहेर आला की गहू तयार. दाबल्यावर मध्ये पिठाची गाठ लागली तर अजून एक रात्र थांबा आणि सगळं एक दिवस पुढे ढकला. तयार झालेले गहू थोडं थोडं पाणी घालून मिक्सरमध्ये जाडसर वाटायचे. फार बारीक वाटले तर कोंडाही पिठासारखा होतो आणि गाळणीतून खाली उतरतो. मग वाटण भरपूर पाण्यात कालवून हाताने चोळायचं, पिळायचं, आधी चाळणीतून आणि नंतर पातळ सुती कापडातून गाळायचं. चोथ्यात पुन्हा पाणी घालून परत चोळायचं. दोन-तीनदा असं केलं की पाण्याचा पांढरेपणा कमी होतो, तेव्हा थांबायचं. गाळलेलं पांढरं पाणी मोठ्या पातेल्यात झाकून रात्रभर अजिबात न हलवता ठेवा.

चोथ्यात तीळ, तिखट, मीठ घालून काही घरांत पापड्या घालतात. आम्ही तो खताच्या पिंपात टाकतो, पण त्याच्या दुप्पट सुका पालापाचोळा मिसळून. नुसता टाकला तर दुसऱ्या दिवशी चिलटं होतात.

शनिवारी सकाळीच माती मोकळी करा

कुरडया पडण्याआधी, शनिवारी सकाळी, संपलेल्या कुंड्या रिकाम्या करून घ्याव्यात. टोमॅटोची झाडं या सुमाराला फक्त जागा अडवून बसलेली असतात. पारा पस्तिशीच्या वर गेला की फूल येतं आणि गळून पडतं. मोह न धरता ती उपटा. मेथी-पालक तुरे काढायला लागले असतील तर उरलेली पानं काढून तेही संपवा. कोथिंबिरीला फुलं आली असतील तर मात्र दोन-चार चांगली झाडं राहू द्या. त्यांच्यावर मधमाश्या येतात आणि महिन्याभरात घरचे धणे मिळतात.

रिकामी केलेली माती गच्चीवर नको, परसात किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात प्लास्टिकवर पातळ पसरा. ढेकळं फोडताना पांढरट, वाकड्या अंगाची, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी. ती मुळं कुरतडते, वेचून काढायची. आमचा धाकटा चौथीत आहे, त्याला हे काम दिलं की एकही हुमणी शिल्लक राहत नाही. तीन दिवस ऊन खाऊ द्या.

याच दिवशी एका बादलीत जीवामृत, म्हणजे झाडांना घालायचं शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, लावून ठेवते. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत शेतासाठी २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती असं माप सांगितलेलं आहे. गच्चीला १० लिटरची बादली पुष्कळ होते: अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, चिमूटभर झाडाखालची माती. बादली सावलीत, वर गोणपाट टाकून. दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं. मंगळवारी ते वापरायला तयार होतं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. शेण-गोमूत्र मिळत नसेल तर जीव टाकू नका, चांगलं गांडूळखत पुरतं.

रविवार: चीक

पहाटे साडेपाचला उठते. पातेल्यात वर पिवळसर पाणी आणि खाली घट्ट पांढरा चीक असे दोन थर झालेले असतात. वरचं पाणी हलक्या हाताने, एका दमात पण सावकाश ओतून काढायचं. शेवटचं पाणी वाटीने किंवा फडक्याने टिपून घ्यायचं. पाणी राहिलं की माप चुकतं आणि माप चुकलं की कुरडई मोडते. खालचा चीक हाताने सारखा करून वाटीने मोजा. जेवढ्या वाट्या चीक, तेवढ्याच वाट्या पाणी. चीक फारच घट्ट, दगडासारखा बसला असेल तर वाटीमागे दोन-तीन चमचे पाणी वाढवा.

जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, चवीपुरतं मीठ आणि हिंग घालून खळखळून उकळू द्या. मीठ बेताचंच, वाळल्यावर कुरडई खारट लागते. मग एकाने चीक बारीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्याने लाटण्याने किंवा लाकडी उलथन्याने सतत घाटायचं. हे एकट्याने करायचं काम नाही. गाठी एकदा झाल्या की मोडत नाहीत आणि सोऱ्याच्या भोकात अडकतात. आमच्याकडे हे घाटणं माझ्या यजमानांकडे आहे, कारण पाच मिनिटांत खांदा भरून येतो. मुलांना यावेळी शेगडीजवळ येऊ देऊ नका. उकळता चीक फटकन उडतो आणि कातडीला चिकटतो.

आता नीट बघत राहायचं. आधी तो दुधासारखा पांढरा असतो. मग कडेकडेने काचेसारखी झाक येते, मध्ये पांढरे पट्टे राहतात. पट्टे दिसताहेत तोवर चीक कच्चा. गॅस बारीक करून झाकण ठेवा, दोन-तीनदा घाटून पुन्हा झाका. दहा-पंधरा मिनिटांनी सगळा गोळा एकसारखा, अर्धपारदर्शक, चकचकीत होतो आणि पातेल्याची कड सोडतो. बोट पाण्यात बुडवून गोळ्याला लावा. बोटाला चीक चिकटला नाही तर झाला. कच्च्या चिकाच्या कुरडया वाळताना तडकतात आणि डब्यात त्यांचा चुरा होतो.

याच क्षणी पहिला गोळा वाटीत काढून त्यावर तूप आणि साखर किंवा गरम दूध घालायचं आणि मुलांना द्यायचं. हा चीक वर्षातून एकदाच मिळतो. सासूबाईंना तो कच्चं तेल आणि लाल तिखट घालून लागतो, आणि त्यांची वाटी सगळ्यात आधी.

कुरडया चीक गरम असतानाच घालायच्या. सोऱ्याला आतून तेलाचा हात फिरवा, शेवेची बारीक चकती बसवा, ओल्या हाताने गोळा भरा, बाकीचा चीक झाकून ठेवा. गच्चीवर जाड प्लास्टिक पसरून कडांना विटा ठेवलेल्या हव्यात. तळहाताएवढा गोल, बाहेरून आत, दोन-तीन वेढे पुरे. आमच्या पहिल्या वर्षीच्या कुरडया घरट्यासारख्या जाड होत्या. त्या वरून वाळल्या आणि मधून ओल्या राहिल्या. आठ-साडेआठपर्यंत सगळं घालून संपायला हवं, म्हणजे पूर्ण दिवसाचं ऊन लागतं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत हात लावायचा नाही. चारच्या सुमाराला कुरडई प्लास्टिकवरून आपोआप सुटायला लागते, तेव्हा उलटवायची. ओढून काढायची नाही. सूर्य मावळायच्या आत परातींमध्ये काढून घरात आणायची, कारण रात्रीचा दमटपणा सगळी मेहनत वाया घालवतो. सोमवारी आणि मंगळवारी पुन्हा ऊन द्या. साळुंक्या आणि कावळे राखायला धाकटा काठी घेऊन जिन्याच्या सावलीत बसतो आणि राखणीचा मोबदला म्हणून अर्धवट वाळलेल्या, चिवट कुरडईचे तुकडे खातो. पापड्या-कुरडयांची खरी चव तीच, हे त्याच्या आत्याही सांगतात.

थोरली आठवीत आहे. तिला मी रविवारी फक्त दोन तास मागते, कुरडया घालण्यापुरते. दहा वाजता ती अभ्यासाला बसते. परीक्षेच्या दिवसांत वाळवण काढून मुलांना दिवसभर राबवलं तर त्यांना पुढच्या वर्षी या कामाचा धाकच वाटेल. म्हणून मी एका वर्षी एकच वाळवण काढते. कुरडया असतील त्या वर्षी सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस यांतलं काही नाही.

सोमवार-मंगळवार: बी

सोमवारी रात्री भेंडीचं बी साध्या पाण्यात भिजवा. दोडका आणि कारल्याचं कवच जाड असतं. त्याची टोकाची कड नेलकटरने किंचित कापून ते सोमवारी सकाळीच पाण्यात टाका. गवारीला मंगळवारी दुपारचे तीन-चार तास पुरतात. माठ, राजगिरा, अंबाडी भिजवायची नाही, कोरडंच पेरायचं.

मंगळवारी चार-साडेचारला कुरडया खाली आल्या की गच्ची मोकळी. आता मातीकडे वळा. उन्हात तापलेली जुनी माती दोन भाग, चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट किंवा चुरलेला सुका पाला एक भाग. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कुंडीच्या तळाला भोकावर खापराचा तुकडा आणि त्यावर दोन-तीन इंच सुका पाला दाबून घाला. पाला कुजत जातो तसा ओलावा धरतो आणि गच्चीवर वजनही कमी पडतं. मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला पाल्याचे ढीग पडतात, ते जाळायच्या आत दोन पोती भरून आणा. आमची वर्षाची बेगमी तेवढ्यात होते.

बारा इंची कुंडीत भेंडीचं एकच झाड. बी दोन टाका, एक इंच खोल, आणि उगवल्यावर जोमदार असेल ते ठेवून दुसरं कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. मोठ्या पंधरा इंची कुंडीत गवारीची तीन झाडं बसतात. दोडका, कारलं, काकडी यांना पिंप किंवा मोठा ड्रम हवा आणि वेलाला दोरी आत्ताच बांधून ठेवा. वेल हातभर झाला की कोणालाच सवड नसते. लाल माठ पसरट क्रेटमध्ये फेकून, वर पाव इंच माती. तो २५ ते ३० दिवसांत खुडायला येतो आणि उन्हाळ्यात पोळीबरोबर काय करायचं हा प्रश्न सोडवतो. भेंडी साधारण दीड महिन्याने लागते, म्हणजे मुलांच्या सुट्टीत.

पेरल्यावर झारीने पाणी, मग दहापट पाण्यात मिसळलेलं जीवामृत कुंडीमागे एक तांब्या. वर पाल्याचा पातळ थर. हा थर उन्हाळ्यातली अर्धी लढाई जिंकतो. त्याखाली बोट घातलं तर दुपारी दोनलाही माती गार लागते.

पालेभाज्यांच्या क्रेटवर ५० टक्के सावलीची जाळी लावा. विशेषतः पश्चिमेच्या बाजूला, कारण चारनंतरचं तिरकं ऊन जास्त भाजतं. भेंडी-गवारीला जाळी नको, त्यांना ऊन मानवतं. पाणी सकाळी आठच्या आत. दोन इंच बोट घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. मोठ्या ड्रमच्या मधोमध एक लहान, न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवलं, त्यात पाणी भरलं आणि वर झाकण ठेवलं की ते झिरपत राहतं. मे महिन्यात आम्ही चार दिवस गावी गेलो तरी काकडी तग धरून होती ती या मडक्यावर.

मोगऱ्याची छाटणी फेब्रुवारीतच झालेली असावी. राहून गेली असेल तर आता मोठी कात्री लावू नका, फक्त सुकलेली टोकं आणि जुनी पानं काढा, मूठभर शेणखत द्या आणि पाणी नियमित करा. जास्वंदीच्या कळ्यांपाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवून काढा. मग १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडं रिठ्याचं पाणी चांगलं फेटून, सूर्यास्तानंतर पानांच्या खालच्या बाजूलाही लागेल असं फवारा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं करपतात. पाच-सहा दिवसांनी परत फवारावं लागतं, एका फवारणीत ते जात नाहीत.

झोपायच्या आधी दूध विरजायला विसरू नका. आम्हा पाच जणांना २ लिटर म्हशीचं दूध लागतं. तापवून, कोमट करून, गोड विरजण.

बुधवार

सकाळी आठला दही सुती फडक्यात बांधून टांगा, खाली पातेलं. उकाडा फार असेल तर चाळणीत फडकं घालून, वर झाकण ठेवून, फ्रीजमध्ये ठेवा. टांगलेला चक्का दुपारपर्यंत आंबट होतो, हे मी एकदा अनुभवलं आहे. चारच्या सुमाराला पिळून चक्का मोजा, वाटीला पाऊण वाटी साखर कालवून दोन तास ठेवा. साखर विरघळली की पुरणयंत्रातून काढा. वेलची, जायफळ, दुधात खललेलं केशर. रात्रभर फ्रीजमध्ये मुरलं की चव येते. खाली पडलेल्या पाण्यात पुऱ्यांची कणीक भिजवा, आणि उरलेलं, भरपूर साधं पाणी घालून, कढीपत्त्याला.

संध्याकाळी बाजारातून साखरेची गाठी, हार आणि कैऱ्या. कडुनिंबाची डहाळी शक्यतो ओळखीच्या झाडाची, लहानशी. काही जण अख्खी फांदी ओरबाडतात, त्याचं वाईट वाटतं. नुकती कुठे नवी पालवी आलेली असते.

पाडवा

गुढी सूर्योदयानंतर लवकर उभी करतो. वेळूची काठी आदल्या रात्रीच धुवून पुसलेली असते. टोकाला खण, कडुनिंब, आंब्याची पानं, गाठी, हार आणि उलटा तांब्या. तांब्या डुगडुगू नये म्हणून काठीच्या टोकाला आधी फडकं गुंडाळा. काठी बांधायचं काम बाप-लेकाचं, रांगोळी थोरलीची.

कडुनिंबाचा प्रसाद मुलांनी तोंड वाकडं न करता खावा अशी इच्छा असेल तर तो चटणीसारखा करावा: आठ-दहा कोवळी पानं आणि मिळाली तर फुलं, सुपारीएवढी चिंच, लिंबाएवढा गूळ, अर्धा चमचा जिरं, चिमूट ओवा, हिंग, मीठ, दोन मिरी. पाट्यावर किंवा खलबत्त्यात वाटून हरभऱ्याएवढ्या गोळ्या.

दुपारी श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात आणि नवी कुरडई. तळायच्या आधी एक मोडून बघा. ‘कट’ आवाज आला आणि वेढे जिथे एकमेकांवर आले आहेत तिथेही ओल लागली नाही तर ती तयार आहे. तेल चांगलं तापलेलं हवं. कुरडई सोडली की तळाशी जाते, क्षणभर थांबते आणि मग एकदम पांढरीशुभ्र फुलून वर येते. झाऱ्याने हलकं दाबून लगेच उलटवा आणि काढा. तेल कमी तापलं असेल तर मध्ये कडक वेढे राहतात. पहिली कुरडई देवाला, दुसरी सासूबाईंना. त्यांनी मोडून, आवाज ऐकून, “जमलंय हो,” म्हटलं की मला वर्षाचं बक्षीस मिळतं.

गुढी सूर्यास्ताच्या आत हळद-कुंकू वाहून उतरवायची. उरलेल्या कुरडया अजून एक ऊन देऊन पत्र्याच्या डब्यात, तळाला कागद घालून.

शुक्रवार आणि चैत्रगौर

शुक्रवारी मी काही करत नाही. उरलेलं जीवामृत जुन्या झाडांना घालते आणि दुपारी झोपते.

शनिवारी चैत्र शुद्ध तृतीया. देव्हाऱ्यातली गौर घासून पुसून पितळी पाळण्यात बसवतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे यंदा १९ एप्रिलपर्यंत, सोयीच्या एखाद्या दिवशी हळदीकुंकू करतात. दारात चैत्रांगण काढायचं. स्वस्तिक, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, गोपद्म, झोपाळ्यातली गौर. सासूबाई गॅलरीतून एकेक चिन्ह सांगतात आणि थोरली काढते.

आंब्याच्या डाळीसाठी वाटीभर हरभरा डाळ चार-पाच तास भिजवा, चाळणीत अगदी कोरडी निथळा आणि पाण्याचा थेंबही न घालता मिक्सर थांबवत थांबवत जाडसर वाटा. डाळीचा दाणा दिसला पाहिजे. त्यात अर्धी वाटी कैरीचा कीस, तीन-चार वाटलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ, चमचाभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या लाल मिरचीची फोडणी थोडी निवू द्या, मग घाला. कैरीचा आंबटपणा दर झाडाचा वेगळा, म्हणून कीस निम्मा घालून चव बघून वाढवा. पन्ह्याला कैऱ्या उकडून गर काढा. एक वाटी गराला दोन वाट्या गूळ, चिमूट मीठ, वेलची, केशर. हा घट्ट गर बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला की शाळेतून तापून आलेल्या पोरांना मिनिटभरात पन्हं मिळतं: एक भाग गर, तीन-चार भाग माठातलं पाणी.

ओटीचे भिजवलेले हरभरे नेहमीच उरतात. त्यांची दुसऱ्या दिवशी उसळ करा.

मंगळवारी पेरलेली भेंडी शनिवार-रविवारी वर येते. मान वाकलेली, डोक्यावर बियाचं टरफल तसंच. धाकट्याला ते काढून टाकायचा मोह होतो, त्याला थांबवा, टरफल आपोआप गळतं. त्या जागेवरचा पाला बोटाने दोन इंच बाजूला सारा, नाहीतर कोंब आडवा वाढतो. सकाळी त्या दोन इंचांत पाणी झारीनेच, अगदी हलक्या हाताने.